दुकान रिकामं होईपर्यंत

भोर
१९ ऑगस्ट २०२५

चि. प्रांजल हिला सावळारामचा आशीर्वाद.

तुजा मोबाईल लागत न्हाई. वाडीवर रेंज न्हाई ह्ये ठाऊक हाय, पन वेल्ह्याला उतरल्यावर तरी चालू करशील असं वाटलं हुतं. म्हनून कागद घेतला. लिव्हायची सवय न्हाई, अक्षर लावून वाच.

आमचा पोरगा स्वरूप घर सोडून गेला, त्याच्यामागं तूबी माहेरी गेलीस. म्हयना होत आला. त्या गोष्टीवर लिव्हायला मी बसलो न्हाई. दुकानाचं इचारायचं हाय.

म्या दुकान टाकलं तवा वह्या, पेनं, कंपासपेट्या एवढंच हुतं. पुस्तकं तू आनलीस. तीन भिंती भरल्यास. मला त्यातलं काय बी कळत न्हाई. सोमवारी भाटघरचा एकजन आला, म्हनला ताईंनी शेळ्यांच्या आजाराचं पुस्तक मागवलं हुतं. सगळं दुकान उपसलं, घावलं न्हाई. एक पोरगी पोलीस भरतीचं मागाया आली, तिला म्या तलाठी भरतीचं दिलं, दुसऱ्या दिशी परत आनून आपटलं. तुजी लावायची तऱ्हाबी न्यारी. परीक्षेच्या पुस्तकाला लागून लोनच्याचं पुस्तक. त्याचं काय कारन?

शेवटी पुन्याच्या एजन्सीत फोन केला, शेळ्यांचं पुस्तक पुन्हा धाडा म्हनून. तितली बाई लई चांगली बोलली. "प्रांजलताई बऱ्या आहेत ना?" म्हनली. म्या म्हनलं, माहेरी गेलीया. मंग तिनं ऑर्डर लिव्हून घेतली. मानूस चांगलं वाटलं.

तुजी सासू पारू बरी हाय. तुज्या आईवडलांना, हैबतीरावांना आन रतनबाईंना, नमस्कार सांग.

तुजा मामा


वरची वाडी, वेल्हे
२७ ऑगस्ट २०२५

ती. मामा यांना नमस्कार.

पत्र मिळालं. शेळ्यांचं पुस्तक दाराजवळच्या मांडणीत, खालून दुसऱ्या फळीवर आहे. निळं.

लावायची तऱ्हा अशी. एसटीनं येणाऱ्या माणसाला त्याच एसटीनं परत जायचं असतं, त्याला आत यायला वेळ नसतो. म्हणून शेळ्या, कोंबड्या, सातबाऱ्याचे कायदे, पंचांग, पोथ्या, उखाणे हे सगळं दाराशी. परीक्षेची पुस्तकं आतल्या भिंतीला, पंख्याखाली, कारण मुलं तासभर चाळत बसतात. मुलीबरोबर आई येते आणि नुसती उभी राहते, म्हणून शेजारी लोणची आणि शिवणकाम. कादंबऱ्या माझ्या पाठीमागं, गिऱ्हाईक नसलं की मलाच वाचता याव्यात म्हणून. कोपऱ्यातल्या आडोशाला दारू सोडवण्याचं, मूल होत नसेल तर काय करावं याचं, आणि वाटणीच्या दाव्यांचं. ती पुस्तकं कुणी तोंडानं मागत नाही. माणूस कोपऱ्याकडं गेला की आपण दुसरीकडं बघायचं, एवढं करा.

एजन्सीला फोन करू नका. आहे तेच विका.

मी बरी आहे. सकाळी आईबरोबर गोठ्यातलं शेण काढते, दुपारी अण्णांचा डबा घेऊन शेळ्यांकडं जाते. जेवते, झोपते. आई विचारते, काय वाटतंय? काय सांगायचं ते कळत नाही. दाढ काढताना सुई दिली की गाल आपला राहत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालंय. दुखत नाही. तेव्हा काळजी करू नका.

आत्यांना सांगा, मंगळसूत्र मी काढलेलं नाही. काढावं की ठेवावं ते सुचलंच नाही.

प्रांजल


भोर
१५ सप्टेंबर २०२५

चि. प्रांजल हिला आशीर्वाद.

तू लिव्हलंस तसं केलं. काल एक बाप्या कोपऱ्याकडं गेला, म्या रस्त्याकडं तोंड करून बसलो. लई वेळानं पुस्तक पिशवीत घालून पैसे ठिवून गेला. कुठलं नेलं त्ये म्या बगितलं न्हाई.

शिवऱ्याची ती गोरी बाई आली हुती, पोरीच्या लग्नाला उखान्याचं पुस्तक न्यायला. "वहिनी कुठं?" म्हनली. म्या म्हनलं, आईला बरं न्हाई म्हनून गेलीया. रतनबाई धडधाकट असताना त्यांच्या नावानं खोटं बोललो. मनाला लागलं. पन दुसरं काय सांगनार? स्वरूपनं तरी आमाला काय सांगितलं? पुन्यात कुनीतरी हाय, मी तिकडंच ऱ्हानार, एवढं. नाव न्हाई, गाव न्हाई. पारू गच्चीवर जाऊन त्याच्याशी फोनवर बोलती. मी खाली टीव्ही मोठा करतो.

एजन्सीला फोन करू नको म्हनलीस, त्ये मला उमगलं न्हाई. हिशेबावरनं तुजं त्यांचं काय बिनसलं का? का दुकानच बंद करावं असं तुज्या मनात हाय? दिवाळीला माल लागतो, म्हनून म्या फोन केलाच. तीच बाई हुती.

आन एक केलं. तू आमच्या घरात एवढी वर्सं काढलीस, पन तुला काय वाचाया आवडतं ह्ये म्या कदी इचारलं न्हाई. म्हनून त्या बाईलाच इचारलं, आमच्या सुनेला मन रमवायला काय धाडू? तिनं पटापटा नावं सांगितली, जनू तयारच हुती. निम्मी आपल्याच दुकानात घावली, बाकीची तिनं पार्सलातनं धाडली. सगळ्याचा गठ्ठा बांधून वेल्ह्याच्या कंडक्टरकडं देतुया. हैबतीरावांना स्टँडावर घ्यायला सांग.

तुजा मामा


वरची वाडी, वेल्हे
२ ऑक्टोबर २०२५

ती. मामा यांना नमस्कार.

गठ्ठा अण्णांनी आणला. वरचंच पुस्तक पाहिलं आणि कळलं की हे तुम्ही निवडलेलं नाही.

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण तुम्ही पुन्हा फोन कराल, म्हणून लिहिते.

एजन्सीतल्या त्या बाईचं नाव शेफाली. स्वरूप तिच्याकडं गेला आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला पुस्तकांच्या धंद्यातलं काही येत नव्हतं. वाचायची आवड होती एवढंच. दर गुरुवारी मी तिला फोन करायचे. तिनं मला शिकवलं. कुठल्या परीक्षेचं कुठलं पुस्तक चालतं, स्वयंपाकाची कुठली नुसती रंगीत असतात, शेतीची कुठली खरी. एखादी नवी कादंबरी आली की फोनवर तिची गोष्ट सांगायची, अर्ध्यावर थांबायची आणि म्हणायची, पुढचं तुम्ही वाचा. मी तिला कधी पाहिलेलं नाही. माल आणायला स्वरूप जायचा. मीच त्याच्याबरोबर पिशवीभर इंद्रायणी तांदूळ द्यायचे, तिला द्या म्हणून. भोरमध्ये माझी मैत्रीण कोण असं कुणी विचारलं असतं, तर मी तिचंच नाव घेतलं असतं.

आषाढातल्या एका गुरुवारी मी ऑर्डर सांगत होते. मागं कुणीतरी खोकललं. स्वरूप त्या दिवशी साताऱ्याला गेला होता, निदान मला तसं सांगून गेला होता. माणसाचा खोकला चुकत नाही, मामा. ती बोलायची थांबली. मग मी उरलेली ऑर्डर सांगितली. इयत्ता दहावीचे प्रश्नसंच, पाककृती, भजनांची पुस्तकं. तिनं लिहून घेतली. मी फोन ठेवला आणि गिऱ्हाईकाला स्केचपेनं दिली. आठवड्यानं तो गेला.

तुम्ही पाठवलेली पुस्तकं मी सगळी वाचली. मधमाश्या पाळण्याचं, हिमालयातल्या प्रवासाचं, दोन कादंबऱ्या आणि ते पत्रांचं. चांगली आहेत. तिला माझी आवड कळते.

दुकानातलं बहुतेक प्रत्येक पुस्तक आधी तिच्या आवाजात माझ्या कानावर आलेलं आहे. म्हणून एक मागते. नवं काही मागवू नका. तिच्याकडून आलेलं सगळं विकून टाका. जाईल त्याला द्या, कमी पैशात द्या, पण संपवा. संपलं की मी येईन असं म्हणत नाही. येईन का नाही ते मला माहीत नाही. ती तिथं आहेत तोवर मात्र माझ्यानं आत पाऊल टाकवणार नाही.

प्रांजल


भोर
२८ ऑक्टोबर २०२५

चि. प्रांजल हिला आशीर्वाद.

तुजं पत्र वाचून त्या दिशी दुकान लवकर बंद केलं. घरी गेलो, पारूला वाचून दाखवलं. ती करंज्यांचं सारन भाजत हुती, भाजतच ऱ्हायली.

दुसऱ्या दिशी दाराला कागद चिकटवला, पुस्तकं स्वस्तात देनार. दिवाळीत बरीच गेली. पोथ्या गेल्या, मेंदीची आन रांगोळीची गेली, पोरांची गोष्टींची गेली. भरतीची पोरांनी दोन दिवसांत उचलली. पंचांगं ऱ्हायली न्हाईत. आतली भिंत निम्मी उघडी पडली. मागचा रंग कसला हुता त्ये मी इसरूनच गेलो हुतो. पिवळा हाय.

आता दुसरं सांगतो. लपवलं तर तुला कुठनं तरी कळंलच.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिशी दुपारी स्वरूप दुकानात आला. संगं बाई. म्हनला, "दादा, ही शेफाली." म्या म्हनलं, "काय पायजे?"

मंग तीच बोलली, "काका, निम्म्या फळ्या रिकाम्या दिसतात. दिवाळीची ऑर्डर तुम्ही रद्द केलीत." त्योच आवाज. ह्या आवाजाला मी तुजी खुशाली सांगत हुतो, तुला काय धाडू म्हनून इचारत हुतो.

म्या म्हनलं, "सगळं विकून टाकतूया."

स्वरूप बसला. म्हनला, "आमी दोघं हितं येऊन दुकान बगू म्हंतो. हिला धंद्यातलं सगळं कळतं. तुमालाबी आराम. आईचंबी तेच म्हननं हाय."

"दुकान प्रांजलचं हाय."

"ती कुठं येतीया आता?"

"न येऊ दे."

"मंग कुनासाठी ठिवताय?"

भाटघरची शाळेची पोरं आली हुती, त्यांना वह्या दिल्या. तेवढ्यात त्या बाईनं तुज्या पाठीमागच्या फळीवरनं एक कादंबरी काढली. हातात धरून उभी. हळूच म्हनली, "त्या वाचतात का अजून?"

म्या म्हनलं, "घ्यायची आसल तर घ्या, न्हाईतर जागंवर ठिवा."

तिनं घेतली. छापल्याली किंमत दिली, सूट मागितली न्हाई. म्या पैसे गल्ल्यात टाकले. तू म्हनली हुतीस जाईल त्याला द्या, म्हनून दिली. एक कमी झालं.

रातच्याला ती दोघं घरी जेवली. पारूनं वाढलं. मी दुकानातच शटर अर्धं खाली करून बसलो. राग याया पायजे हुता, प्रांजल. पोटचं पोरगं हाय, एक थोबाडीत तरी मारायला पायजे हुती. पन तू गालाचं लिव्हलं हुतंस ना, तसंच झालं. निघताना त्यानं किल्ली मागितली. म्या म्हनलं, घर तुज्या आईचं हाय, ये जा. दुकानाची किल्ली मिळनार न्हाई. तवापासनं पारू माज्याशी बोलत न्हाई.

तुजा मामा


वरची वाडी, वेल्हे
१४ नोव्हेंबर २०२५

ती. मामा यांना नमस्कार.

भात काढलं. झोडणी चालू आहे. पत्र मिळून बरेच दिवस झाले, पण हात रिकामे नव्हते. हात रिकामे नसले की बरं असतं.

तिला पुस्तक दिलंत ते ठीक केलंत. त्याचा विचार करू नका.

एक विचारते. ती दिसायला कशी आहे? मला फक्त आवाज माहीत आहे. शेळ्यांमागं चालताना कधी कधी तो कानात येतो आणि त्याला तोंड नसतं. कशीही असली तरी सांगा.

आत्यांवर रागावू नका. त्यांना एकच मुलगा आहे.

मंगळसूत्र परवा काढलं. भाताच्या पेंढ्या उचलताना अडकत होतं. आईच्या डब्यात ठेवलं. आई बघत होती, मी रडेन म्हणून थांबली असावी. मी परत पेंढ्या उचलायला गेले.

उरलेल्या पुस्तकांचं सांगते. जाड कादंबऱ्या धरणावरच्या सोमनाथ वॉचमनला दाखवा, त्यांना रात्रपाळी असते. कन्नड शिकण्याचं पुस्तक मी कशासाठी मागवलं ते आठवत नाही, पण शिवऱ्याच्या हॉटेलात तिकडचे ट्रकवाले थांबतात, हॉटेलवाल्याला विचारा. जिल्ह्याचे नकाशे आता शाळा घेणार नाहीत. आपल्या तालुक्याचं नाव बदलून राजगड झालं आणि नकाशावर वेल्हेच आहे. ते इकडं पाठवून द्या. अण्णा गोठ्याच्या पत्र्याला आतून लावतील, थंडीत वारा येतो.

प्रांजल


भोर
२२ जानेवारी २०२६

चि. प्रांजल हिला आशीर्वाद.

मधी पत्र टाकलं न्हाई. गुडघ्यानं धरलं हुतं. आता बरं हाय.

इचारलं हुतंस त्येचं आदी सांगतो. साधी हाय. चष्मा लावती. तुज्यापरास थोराड, केसात थोडं पांढरं. हसायला लागली तर चांगली दिसंल, पन हितं हसली न्हाई. पुस्तकाची पानं बोटाला थुंकी न लावता उलटत हुती, तू उलटतीस तशी. रस्त्यात दिसली असती तर मागं वळून कुनी बगितलं नसतं. ह्येच्यापेक्षा जास्त मला सांगता येत न्हाई.

दुकान संपत आलं. सोमनाथनं कादंबऱ्या पोत्यानं नेल्या. कन्नडचं हॉटेलवाल्यानं घेतलं, म्हनला ट्रकवाल्यांना त्यांच्या बोलीत चा इचारीन. वाटनीच्या दाव्यांचं एका म्हातारीनं नेलं. तिला वाचाया येत न्हाई, ल्योक वाचून दाखवंल म्हनली. मंग म्हनली, का ल्येकाच्या इरुद्धच लागंल कुनास ठावं. शिवनकामाची बचत गटाच्या बायांनी वाटून घेतली. दारू सोडवायचं कोपऱ्यात एकच ऱ्हायलं हुतं, त्ये एक दिवस नव्हतंच. पैसेबी नव्हते. चोरलं आसंल तर चोरू दे.

म्हयन्याच्या सुरवातीला जी उरली, कुनी फुकट घेईना अशी, ती पिशवीत घालून मी एसटीनं हिंडलो. गुडघ्यामुळं सगळीकडं जमलं न्हाई. नसरापूरच्या स्टँडावर काकडीवाल्या बाईला ग्रहनक्षत्रांचं दिलं, तिची नात शाळंत हुशार हाय. जुन्या नान्यांचं एका केस कापनाऱ्याला दिलं, तो गिऱ्हाइकांना वाट बगताना देनार हाय. लोक आदी संशयानं बगतात, फुकट का देतोय म्हनून. मंग चाळतात. चाळलं की सोडत न्हाईत. म्या एवढी वर्सं दुकानात बसलो, पन मान्सं पुस्तक हातात कशी धरतात ह्ये ह्या हिंडन्यातच बगितलं.

पारू अजून बोलत न्हाई, पन डबा धाडती. परवा डब्यात तिळगुळाची येगळी पुडी हुती, वर तुजं नाव. पत्राबरुबर धाडतुया. स्वरूप संक्रांतीला आला न्हाई. त्यांचं पुन्यात बरं चाललंय म्हनं.

आता अडचन सांगतो. एक पुस्तक ऱ्हायलंय. जगातल्या मोठ्या बंदरांची माहिती हाय, जाडजूड, चित्रं कमी. तूच मागवलं असशील, का चुकून आलं, ठाऊक न्हाई. कुनाला द्यावं म्हनून एका दुपारी उघडलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. भिंग घेऊन एक बंदर वाचलं. दुसऱ्या दिशी दुसरं. म्या समुद्र एकदाच बगितलाय, गुहागरला, पारूच्या भावाच्या लग्नात. जहाजं कशी येतात, माल कसा उतरवतात, भरती कधी, ओहटी कधी, कुठल्या बंदरात गारठ्यानं पानी गोठतं. आता निम्म्यावर आलोय. सकाळी शटर वर करताना मनात येतं, आज कुठलं बंदर.

त्याच बाईकडनं आल्यालं हाय, ह्ये मला ठाऊक हाय. तू म्हनशील तर उद्या देऊन टाकतो. पन संपस्तोवर ठिवलं तर चालंल का?

तुजा मामा


वरची वाडी, वेल्हे
३ फेब्रुवारी २०२६

ती. मामा यांना नमस्कार.

तिळगूळ मिळाला. आत्यांना सांगा, मी खाल्ला. आधी ठेवून दिला होता.

तिचं सांगितलंत ते बरं झालं. चष्मा आहे, केसात थोडं पांढरं आहे, एवढं कळल्यावर ती इथं शेळ्यांमागं येत नाही. ती तिच्या ठिकाणी, पुण्यात कुठंतरी आहे. मी तिला माफ केलं असं नाही. तिचा रागही मला नीट करता येत नाही. पुढं येईल तेव्हा येईल.

काल एक झालं, ते सांगते. दुपारी अण्णांना भाकरी द्यायला वरच्या टेपाडावर गेले होते. ते खात बसले आणि मला भूक लागली. आईनं वाढलं म्हणून जेवायचं, असं इतके महिने चाललं होतं. काल आपणहून लागली. त्यांच्यातली अर्धी भाकरी मागून घेतली, ती संपली, मग उरलेलीही मागितली. अण्णांनी कांदा फोडून पुढं केला.

तुमचं पुस्तक विकू नका, कुणाला देऊही नका. ते तिच्याकडून आलं असलं तरी तुम्ही वाचलंत तेव्हापासून ते तुमचंच झालं. ते मी मागवलेलं नव्हतं. चुकूनच आलं असणार.

सोमवारी सकाळच्या गाडीनं येते. घरी येणार नाही, आत्यांना तसं आधी सांगून ठेवा, म्हणजे त्या ताट करून बसणार नाहीत. दुकानात येईन आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन. मंगळवारी पुन्हा. असं किती दिवस ते ठरवलेलं नाही. फळ्या पुसायला आईची जुनी लुगडी फाडून आणते. तुम्ही चढू नका, गुडघा सांभाळा.

पुस्तकं कुठून आणायची, कुठली आणायची, हेही ठरवलेलं नाही. नवी एजन्सी शोधावी लागेल. पण लगेच नको. आधी काही दिवस कोण येतं आणि काय मागतं, एवढंच ऐकू. नाही म्हणून सांगू आणि लक्षात ठेवू.

गाडी नसरापूरला थांबते, कधी पुढं लवकर निघते, कधी नाही. वाट बघत दाराशी उभे राहू नका. आणि मी आत आले की लगेच उठूही नका. हातातलं बंदर वाचून संपवा.

प्रांजल